रूममेट म्हणतो सगळं आधीच ठरलंय. मग अभ्यास कशाला करायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. माझी समज चुकली असेल तर पुढचं सगळं वाया जाईल. सदाशिव पेठेत तुम्ही चौघं एका खोलीत राहता, चौघंही राज्यसेवेच्या तयारीत. रात्री अभ्यासिकेतून परतल्यावर वाद रंगतो. पहिला मित्र म्हणतो, मेंदू अणूंचा, अणू नियमांनी बांधलेले, तेव्हा आपण काही निवडतो हा निव्वळ भ्रम. दुसरा इंजिनिअर आहे. तो क्वांटम, म्हणजे अणूंच्या पातळीवरचं फिजिक्स, पुढे करतो आणि म्हणतो, नियमांना फट आहे, त्या फटीतच आपलं स्वातंत्र्य. तिसऱ्याने कुठल्याशा व्हिडिओत ऐकलंय की आइन्स्टाइनच्या हिशेबाने भविष्य आधीच अस्तित्वात आहे, आणि त्याही पुढे जाऊन तो विचारतो की मुळात हे विश्व आहेच कशाला. पूर्वपरीक्षेचा निकाल लागला, पहिल्याचं नाव यादीत नव्हतं, आणि तेव्हापासून तो म्हणतो, 'ठरलंय ते होणार, मी पुस्तक उघडलं काय, नाही काय.' त्यावरून इंजिनिअरशी खडाजंगी झाली आणि आता दोघांत अबोला आहे. तुम्ही विचारता, फिजिक्सचा निकाल नक्की कोणाच्या बाजूने? असले वाद भांडणाशिवाय घालता येतात का? आणि आता हा विषय पुन्हा काढू की सोडून देऊ?

मी पुण्यातल्या एका कॉलेजात बरीच वर्षं फिजिक्स शिकवलं. निवृत्तीनंतर आमच्या भागात रविवारी सकाळी चर्चेचा कट्टा चालवतो. विद्यार्थी येतात, बँकेतले निवृत्त लोक येतात, एक-दोन वकील आणि एक कीर्तनकारही येतात. तुमच्या खोलीतला वाद तिथे दर पावसाळ्यात नव्याने उगवतो. माझी बाजू आधीच सांगून टाकतो: निसर्गाचे नियम आणि माणसाची जबाबदारी एकत्र नांदू शकतात असं मी मानतो. हे माझं मत आहे, प्रयोगाने सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. फिजिक्स कुठे संपतं आणि माझं मत कुठे सुरू होतं ते जाता जाता सांगत जाईन.

पहिल्या मित्राच्या म्हणण्यामागे दोनशे वर्षांची परंपरा आहे, त्याला उडवून लावू नका. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने १८१४ मध्ये लिहिलं, की एखाद्या बुद्धीला एका क्षणी विश्वातल्या प्रत्येक वस्तूची स्थिती आणि तिच्यावरची बलं कळली, आणि एवढा पसारा गणितात बसवण्याची ताकद तिच्यात असली, तर तिला काहीच अनिश्चित उरणार नाही. भूतकाळासारखं भविष्यही तिला समोर दिसेल. न्यूटनच्या समीकरणांचं रूपच तसं आहे. आत्ताची स्थिती द्या, पुढची घ्या. इथवर ठीक. पण 'ठरलंय' म्हणताना तुमचा मित्र एका दमात तीन वेगळ्या गोष्टी बोलतो. एक, आत्ताच्या स्थितीतून पुढची स्थिती एकाच प्रकारे निघते. दोन, म्हणून ती आधी सांगता येते. तीन, म्हणून मधे मी काहीही केलं तरी शेवट तोच. यातलं पहिलं विधान फिजिक्सचं आहे, दुसरं बऱ्याचदा खोटं ठरतं, आणि तिसरं पहिल्यातून निघतच नाही. आमच्या कट्ट्यावरची निम्मी भांडणं या तिन्हींच्या सरमिसळीतून होतात.

दुसऱ्या विधानासाठी तुम्हाला लांब जायला नको, शिवाजीनगरला सिमला ऑफिस आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं म्हणून ते नाव. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव राहिलं, आणि पाऊस चुकला की त्या इमारतीच्या नावाने बोटं मोडायची आपली सवयही राहिली. आता बघा, वातावरणाची समीकरणं अगदी लाप्लासच्या घराण्यातली आहेत, त्यांत कुठेही नशीब नाही. तरी दोन आठवड्यांपलीकडे रोजच्या हवेचा तपशील सांगणं जवळपास अशक्य होतं. याचं कारण एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाला १९६१ मध्ये दिसलं. संगणकावर चाललेला एक हिशेब त्याने मधूनच पुन्हा सुरू केला आणि ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा भरला. थोडा वेळ दोन्ही हिशेब हातात हात घालून चालले, मग एकमेकांना ओळखेनासे झाले. त्यावरचा त्याचा निबंध १९६३ चा. त्याच्याही आधी प्वाँकारे या फ्रेंच गणितज्ञाला तीन ग्रहगोलांच्या गणितात हाच प्रकार भेटला होता. म्हणजे नियम पूर्णपणे बांधलेले असू शकतात आणि तरीही भाकीत हाती लागत नाही, कारण सुरुवातीची स्थिती अनंत अचूकतेने मोजणं कोणालाच जमत नाही. तेव्हा कोणी 'ठरलंय' म्हणाला की मी आधी विचारतो, ठरलंय, की तुला माहीत आहे?

तिसरं विधान मात्र तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. तुम्ही ओघात लिहिलंय की निकालानंतर मित्राच्या घरच्यांनी पत्रिका दाखवली आणि 'सरकारी नोकरीचा योग नाही' हे ऐकून तो परत आला. मला वाटतं त्याच्या तोंडी लाप्लास आहे, पण मनात ती पत्रिका आहे. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लाप्लासच्या जगात शेवट कारणांमधून येतो, आणि तुमचा अभ्यास हे त्या कारणांपैकीच एक. साखळीतली ती कडी काढली तर शेवटही बदलतो. पत्रिकेच्या जगात शेवट आधी लिहिलेला असतो आणि मधली कारणं त्याला वळसा घालूच शकत नाहीत. पहिल्याला नियमबद्धता म्हणू, दुसऱ्याला प्रारब्धवाद. नियमबद्धता खरी धरली म्हणून प्रारब्धवाद आपोआप खरा होत नाही. उलट प्रारब्धवाद नियमबद्धतेच्या विरोधातच जातो, कारण त्यात कारण बदललं तरी परिणाम तोच राहतो.

हा घोळ जुना आहे. ग्रीक लोकांत त्याला आळशाचा युक्तिवाद म्हणत: बरं व्हायचं नशिबात असेल तर वैद्य बोलावला काय, न बोलावला काय, बरा होशीलच; मग कशाला बोलवायचा? इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या क्रिसिपस या तत्त्वज्ञाने त्याला उत्तर दिलं, की बरं होणं ठरलेलं असेल तर वैद्याला बोलावणंही त्याच्याबरोबरच ठरलेलं असेल. आणि हा क्रिसिपस स्वतः सगळं ठरलेलं आहे असं मानणारा होता, हे तुमच्या मित्राला आवर्जून सांगा. आपल्याकडे बुद्धाच्या काळात मक्खली गोसाल होता, आजीवक नावाच्या पंथाचा आचार्य. बौद्ध ग्रंथांत त्याचं मत असं दिलंय की फेकलेलं सुताचं गुंडाळं जसं संपेपर्यंत उलगडत जातं तसे शहाणे आणि मूर्ख दोघेही आपापले फेरे पुरे करून सुटतात. त्यात ना पुरुषार्थाची भर, ना घट. बुद्धाने या मताला फार घातक मानलं. तुमचा मित्र फिजिक्सच्या पुस्तकातून बोलतोय असं त्याला वाटतं, पण शेजारी बसलाय तो गोसालाच्या.

पत्रिकेबद्दल एक प्रयोग सांगण्यासारखा आहे आणि तो पुण्यातलाच आहे. जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या, आणि कोणती कुठल्या गटातली एवढंच सांगायचं होतं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघालेल्या उत्तरांची सरासरी ४६ टक्के. नाणं उडवून पन्नासच्या आसपास जमतंच. २००९ मध्ये तो निबंध 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. यातून नियती नाही असं सिद्ध होत नाही, तेवढा मोठा दावा मी करणार नाही. पण 'योग नाही' असं सांगणाऱ्याला ते कळलं कसं, हा प्रश्न रास्त ठरतो.

आता तिसऱ्याचा आइन्स्टाइन. १९०५ च्या सापेक्षता सिद्धांतातून एक चमत्कारिक गोष्ट खरोखर निघते: दूरच्या दोन घटना 'एकाच वेळी' घडल्या का, याचं उत्तर तुम्ही कसे चालताय यावर अवलंबून असतं. फर्ग्युसन रस्त्यावर एक माणूस उभा आहे, दुसरा देवयानी दीर्घिकेच्या दिशेने चालत त्याच्या शेजारून जातोय असं समजा. ती दीर्घिका सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर आहे. हिशेब केला तर तिथलं 'आत्ता' या दोघांसाठी साधारण चार दिवसांनी वेगळं निघतं. यावरून काही तत्त्वज्ञ म्हणतात, की भूत-वर्तमान-भविष्य हा भेद खरा नाही, सगळ्या घटना चार मितींच्या (लांबी, रुंदी, उंची आणि काळ) एका ठोकळ्यात आहेतच. हे चित्र मलाही पटण्याजोगं वाटतं. पण त्या ठोकळ्यात मुख्य परीक्षेचा निकाल असेल, तर त्याच्या अलीकडच्या महिन्यांतला तुमचा अभ्यासही तिथेच आहे, आणि निकाल त्याला जोडलेला आहे. ठोकळ्यातली घटना कारणांना ओलांडून तिथे जाऊन बसलेली नसते. शिवाय दूरच्या 'आत्ता'बद्दलचा तो चार दिवसांचा फरक कोणाच्याच उपयोगाचा नाही, कारण तिथली बातमी यायला पंचवीस लाख वर्षं लागतात.

इंजिनिअर मित्राकडे वळतो, आणि त्याच्याशी जरा कडक बोलणार आहे, कारण क्वांटमचा असा वापर मला सर्वांत जास्त खटकतो. १९२६ मध्ये मॅक्स बॉर्नने सांगितलं की क्वांटमचं गणित घटनेची शक्यता देतं, घटना देत नाही. रेडियमच्या एका अणूचं विघटन कधी होईल ते सांगता येत नाही. अनेक अणू घेतले तर सोळाशे वर्षांत निम्मे फुटतील एवढं पक्कं सांगता येतं. आइन्स्टाइनला वाटायचं की आतमध्ये काहीतरी दडलेलं असणार, आपल्याला ते अजून दिसत नाही एवढंच. १९६४ मध्ये जॉन बेलने या वादाला पहिल्यांदा प्रयोगाच्या टेबलावर आणलं. वस्तूंचे गुण मोजण्याआधीच ठरलेले असतील आणि दूरचा परिणाम प्रकाशापेक्षा वेगाने पोचत नसेल, तर मोजमापांच्या जुळणीला एक मर्यादा पडते, असं त्याने दाखवलं. प्रयोगात ती मर्यादा मोडली. क्लाउझर, आस्पे आणि झायलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

तर मग जग यदृच्छेने, म्हणजे निव्वळ योगायोगाने, चालतं हे सिद्ध झालं का? नाही झालं, आणि नेमकं इथेच व्हिडिओवाले घाई करतात. सिद्ध झालं ते एवढंच की आइन्स्टाइनला हवं होतं तसं साधं, स्थानिक, आधीच ठरलेलं चित्र चालत नाही. डेव्हिड बोहमने १९५२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत कण पूर्णपणे नियमबद्ध चालतात, फक्त दूरदूरचे कण तत्क्षणी एकमेकांशी बांधलेले असतात. ह्यू एव्हरेटच्या १९५७ च्या मांडणीतही प्रत्येक शक्य निकालासाठी विश्वाला फाटे फुटतात पण फासे पडत नाहीत. प्रयोगांचे आकडे बॉर्नची, बोहमची आणि एव्हरेटची अशा तिन्ही मांडण्यांना एकसारखेच लागू पडतात. तेव्हा 'क्वांटमने नियमबद्धता मोडली' आणि 'क्वांटमनंतरही सगळं ठरलेलंच' ही दोन्ही वाक्यं ऐकली की मी विचारतो, कोणत्या मांडणीनुसार?

पण समजा, इंजिनिअरचं मानलं. निसर्गात खरीखुरी यदृच्छा आहे. त्याने स्वातंत्र्य कसं मिळतं? अभ्यासाला बसायचं की सिंहगडावर जायचं हा तुमचा निर्णय मेंदूतल्या एखाद्या अणूच्या फुटण्यावर ठरला, तर तो निर्णय तुमचा झाला की त्या अणूचा? बांधलेल्या नियमाने मी केलं म्हणून मी स्वतंत्र नाही असं असेल, तर फाशाने माझ्याकडून करवलं म्हणून तरी मी स्वतंत्र कसा? नुसत्या यदृच्छेतून स्वातंत्र्य निघत नाही. शिवाय मेंदू उबदार आणि ओला असतो. मॅक्स टेगमार्कने २००० साली हिशेब मांडला, की मेंदूत क्वांटमची नाजूक अवस्था टिकली तरी सेकंदाच्या दहा लाख कोटींव्या भागाच्या आत मोडते. चेतापेशींचं काम हजारांश सेकंदांच्या चालीने होतं. मेंदूच्या कामात क्वांटमचा हात आहे असं मानणारे ब्रिटिश गणितज्ञ रॉजर पेनरोज यांना हे मान्य नव्हतं, आणि ते साधे माणूस नाहीत. तरीही त्यांच्या बाजूने ठोस प्रायोगिक आधार मला दिसत नाही.

एक मजेची गोष्ट इंजिनिअरच्या पदरात टाकतो, नाहीतर तो रुसेल. बेलच्या प्रयोगात एक गृहीतक असतं: कोणत्या कोनात मोजायचं याची निवड मोजल्या जाणाऱ्या कणांशी आधीपासून संगनमत केलेली नसावी. ते पक्कं करायला ३० नोव्हेंबर २०१६ रोजी जगभरच्या सुमारे एक लाख लोकांकडून शून्य आणि एक अशी बटणं दाबून घेतली आणि त्यांवर वेगवेगळ्या प्रयोगशाळांतली उपकरणं चालवली. आणखी एका प्रयोगात ही निवड क्वासार म्हणजे अतिदूरच्या तेजस्वी दीर्घिका-केंद्रांकडून अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या प्रकाशावर सोपवली होती. म्हणजे माणसाच्या बोटाचं काम क्वासारनेही केलं. गृहीतकाला हवा असतो तो निव्वळ असंबंध, इच्छास्वातंत्र्य नाही.

मेंदूचा विषय निघाला की कोणीतरी लिबेटचं नाव काढतंच, म्हणून तेही उरकून घेऊ. बेंजामिन लिबेटने १९८३ मध्ये लोकांना सांगितलं, वाटेल तेव्हा मनगट हलवा आणि हलवावंसं वाटलं तेव्हा घड्याळाचा काटा कुठे होता ते सांगा. मेंदूतली हालचाल कृतीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी सुरू झालेली दिसली, 'वाटलं' हे भान मात्र सुमारे एक पंचमांश सेकंद आधी. लगेच गाजावाजा झाला की मेंदू आधीच ठरवतो. २०१२ मध्ये आरोन शर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ती आधीची चढण म्हणजे मेंदूतल्या सततच्या चढउतारांची मागे मोजत केलेली सरासरीही असू शकते. उंबरठा ओलांडला की हात हलतो. २००८ च्या एका प्रयोगात कित्येक सेकंद आधी भाकीत जमलं, पण सुमारे साठ टक्के वेळाच. आणि मला यापेक्षा साधी हरकत आहे. विनाकारण मनगट हलवणं हा निर्णयाचा नमुनाच नव्हे. तुम्ही गाव सोडून पुण्यात यायचं ठरवलं तेव्हा घरच्यांशी बोललात, खर्च मांडलात, धाकट्या भावंडाच्या फीचा विचार केलात. तो निर्णय पंचमांश सेकंदात बसत नाही.

इथे जरा थांबून हिशेब करू. फिजिक्स नियमबद्धतेच्या बाजूने शेवटचा शब्द देत नाही, विरुद्धही देत नाही. नियमबद्ध जगातही सगळं सांगता येतं असं नाही, आणि प्रयत्न निरर्थक तर मुळीच ठरत नाहीत. यदृच्छा मिळाली तरी स्वातंत्र्य मिळत नाही. एवढं फिजिक्स. पुढचं माझं.

माझ्या दृष्टीने स्वतंत्र असणं म्हणजे कारणांपासून सुटणं नव्हे. माझ्या कृतीमागची कारणं माझी असावीत, मी ती तपासू शकावीत, आणि चांगलं कारण दाखवलं तर माझी कृती बदलावी, एवढं पुरे. व्यसनात अडकलेल्या माणसाला आपण कमी स्वतंत्र म्हणतो ते याच अर्थाने. त्याचे अणू काही वेगळ्या नियमांनी चालत नसतात. कायदाही हाच मार्ग धरतो. भारतीय दंड संहितेचं कलम ८४ आणि आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२ एवढंच विचारतं, की मनाच्या विकारामुळे कृत्याचं स्वरूप किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे कळण्यास तो माणूस असमर्थ होता का. आरोपीच्या मेंदूतले कण नियमबद्ध होते का, हे कोणतंही न्यायालय विचारत नाही. आमच्या कट्ट्यावरचे वकील यावर खुश असतात. कीर्तनकार बुवा गीतेच्या अठराव्या अध्यायावर येतात: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. ते म्हणतात, कृतीची पाच कारणं आहेत, दैव त्यांतलं एक आहे, पाचही नाही. मला हे राज्यसेवेला चपखल वाटतं. जागा शेकड्यांत, अर्ज लाखांत. तिथे दैवाचा भाग नाही म्हणणारा क्लासवाला खोटं बोलतो. आणि लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिताना एक अख्खं प्रकरण 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' यावर खर्च केलं, ते तुमच्या पेठेतल्या कुठल्याही जुन्या ग्रंथालयात मिळेल. त्यांचं उत्तर आत्म्यावर उभं आहे, माझं तसं नाही, पण प्रश्न इतका स्वच्छ मांडलेला मी मराठीत दुसरीकडे फारसा वाचलेला नाही.

माझ्या या मताविरुद्ध एक मजबूत हरकत आहे, तीही सांगतो. 'कारणं माझी' म्हणता, पण तुमचा स्वभाव, बुद्धी, घर, शाळा तुम्ही कुठे निवडली? खरं आहे. म्हणूनच मी शिक्षेच्या बाबतीत सौम्य होत गेलो आणि यशाचा मिरवणारा तोरा मला सहन होत नाही. या हरकतीने दोष-श्रेयाचा हिशेब हलतो, पण उद्या सकाळी काय करायचं हा प्रश्न तसाच राहतो.

विश्व मुळात का आहे, यावर थोडक्यातच. फिजिक्स १३.८ अब्ज वर्षं मागे, त्या तप्त आणि दाट अवस्थेपर्यंत आपल्याला नेतं. त्याआधी काय, याच्या मांडण्या आहेत, पुरावा नाही. 'पोकळीतून विश्व आपोआप आलं' असं कोणी म्हणालं तर लक्षात ठेवा, फिजिक्सची पोकळी रिकामी नसते. तिच्यात क्षेत्रं असतात, नियम असतात, कासिमिरने १९४८ मध्ये सांगितलेला तिचा परिणाम प्रयोगशाळेत मोजलाय. ती क्षेत्रं आणि ते नियम कुठून आले हा प्रश्न उरतोच. नारळीकरांनी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याबरोबर आयुष्यभर सुरुवात नसलेल्या विश्वाची बाजू लढवली. १९६५ मध्ये पार्श्वभूमीचं सूक्ष्मलहरी प्रारण, म्हणजे महास्फोटानंतरचा उरलेला प्रकाश मानलं जातं ते, सापडल्यावर बहुतेकांनी ती सोडली, यांनी १९९३ मध्ये नवं रूप देऊन मांडली. निरीक्षणं महास्फोटाच्या बाजूने झुकतात असं माझंही मत आहे. पण सुरुवात नसलेलं विश्व मिळालं असतं तरी 'ते आहेच का' याला उत्तर मिळालं नसतं. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तातला ऋषी 'को अद्धा वेद', खरं कोणाला ठाऊक, म्हणून थांबला. मीही तिथेच थांबतो. हा प्रश्न रात्री अकरानंतर काढू नका, झोप जाते आणि हाती काही लागत नाही.

भांडणाबद्दल. न्यायसूत्रं या तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: सत्य कळावं म्हणून होतो तो वाद, जिंकायचं म्हणून होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडायची ती वितंडा. तुमच्या खोलीत जल्प चाललाय. आमच्या कट्ट्यावर एकच नियम कडक आहे: उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचा पूर्वपक्ष, म्हणजे त्याचंच म्हणणं, मांडायचा, आणि 'हो, हेच म्हणायचंय मला' असं तो म्हणाल्याशिवाय पुढे जायचं नाही. सुरुवातीला लोक वैतागतात. कधी कधी पूर्वपक्ष मांडण्यातच सकाळ संपते, आणि त्या सकाळी भांडण झालेलं मला आठवत नाही. दुसरं, एका बैठकीत एकच प्रश्न. स्वातंत्र्य चाललं असताना महास्फोट आला की बैठक बुडाली. तिसरं, एक चलाख डावपेच टाळा: 'सगळं ठरलंय तर माझं मत बदलायला का बघतोस?' हा टाळ्या घेतो, पण पोकळ आहे. ठरलेल्या जगातही युक्तिवाद हे मत बदलण्याचं कारण असू शकतं, आणि हे तुमच्या पहिल्या मित्राने क्षणात सांगितलं की तुम्ही हरलात.

राहिला शेवटचा प्रश्न, विषय काढू की सोडू. ते तुमचा मित्र कुठे आहे यावर अवलंबून आहे, आणि ते मला इथून दिसत नाही. तो जेवतोय, झोपतोय, इतर विषयांवर हसतोय, अभ्यासिकेत न जाता का होईना पण काही वाचतोय, तर तो विचार करतोय. त्याच्याशी जरूर वाद घाला. पण जेवण सुटलंय, दिवसा झोपतो, घरचा फोन घेत नाही, 'कशालाच अर्थ नाही' हे फक्त परीक्षेबद्दल न राहता सगळ्याबद्दल म्हणतोय, तर लाप्लासला मधे आणू नका. तिथे युक्तिवादाचा उपयोग नसतो. त्याच्याबरोबर बसा, घरच्या एका विश्वासाच्या माणसाला कळवा, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. गरज वाटली तर तुम्हीच आधी फोन करा.

पहिल्या प्रकारातला असेल तर असं करून बघा. इंजिनिअरला सांगा, पहिल्याचं म्हणणं एका पानावर लिही, टोमणा न मारता, जितकं भक्कम करता येईल तितकं भक्कम. ते पान त्याच्या टेबलावर ठेवायचं, खाली फक्त 'हेच म्हणायचंय ना?' एवढं लिहून. तो दुरुस्त्या करेल. अशा वेळी दुरुस्त्या केल्याशिवाय राहवत नाही कोणाला. मग रविवारी चौघं बसा आणि फक्त वर सांगितलेल्या तिसऱ्या विधानावर बोला, पहिल्या दोनांना हात लावू नका. पूर्वपरीक्षेच्या निकालाचा उल्लेख त्या पानावर नको, बोलण्यातही नको. तो त्याला वाटलं तर काढेल.